छापील किंमत कोण छापतं?

आमच्या घरात सकाळ व्हायची ती काचेच्या आवाजानं. आई अंगणात पोतं अंथरून बसायची आणि बांगड्यांच्या माळा तपासायची. सुतळीत ओवलेली एकेक माळ डाव्या हातात उभी धरायची, उजव्या हाताचं बोट वरून खाली फिरवत न्यायची आणि बांगड्या एकीमागून एक वाजत जायच्या. चांगल्या बांगडीचा आवाज किणकिणत लांबतो. केसाएवढी जरी चीर असली तरी ती बांगडी मध्येच बद्द बोलते. आईचं बोट तिथंच थांबायचं. सुतळी सैल करून ती तेवढी एक बांगडी काढायची आणि कोपऱ्यातल्या डालड्याच्या डब्यात टाकायची. मी चुलीपुढं बसून चहात भाकरी मोडून खात असायची आणि माझा कान तिकडं असायचा. बद्द आवाज आला की आईच्या आधी मी म्हणायची, "हे पाय, गेली एक." आई म्हणायची, "गेली म्हनू नोको. वाढली म्हन." बांगडी फुटली असं आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नाही. तो शब्द बांगडीवाल्याच्या तोंडात शोभत नाही, असं आईला तिच्या माहेरी शिकवलं होतं, आणि तिचं सगळं माहेर याच कामातलं.

आमचं गाव आसेगाव. बाबा कापसाच्या हंगामात कारंज्याच्या जिनिंगवर जायचे, हंगाम सरला की मिळेल त्याच्या शेतात. घर चालायचं ते आईच्या टोपलीवर. रोज एक गाव, आणि आठवड्यातून एकदा गावचाच बाजार. ती ओट्यावर किंवा झाडाखाली बसायची, समोर बाई बसायची, आणि आई तिचा हात हातात घ्यायची. अंगठ्याखालचा मांसल भाग दाबत, बोटं चुंबळीसारखी गोळा करत, सव्वादोनच्या मापाचा हात असला तर सव्वादोनचीच बांगडी ती अलगद मनगटावर उतरवायची. मोठ्या मापाची बांगडी घालून काम उरकणं तिला लाजिरवाणं वाटे. भरताना एखादी वाढलीच, तर ती आईची; बाईकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि डझन पुरा झाला की आई काही न बोलता आणखी एक बांगडी चढवायची. तिला आम्ही 'वरची' म्हणायचो. मग ती बाई आईला वाकून नमस्कार करायची, वयानं मोठी असली तरी. मला लहानपणी वाटायचं, जगात सगळी खरेदी अशीच होते. पैसे देणाराच शेवटी पाया पडतो.

मी आठवीत होते. गणिताच्या पुस्तकात 'नफा, तोटा आणि सूट' हे प्रकरण आलं तेव्हा मला कोण आनंद झाला. त्याआधी पुस्तकात हौद होते, त्यांना नळ होते, एकमेकींकडं धावणाऱ्या आगगाड्या होत्या. आमच्या गावात हौद नव्हता आणि आगगाडी मी पाहिलेली नव्हती. हे प्रकरण मात्र आमच्या घरचं होतं. वानखडे सर फळ्यावर 'खरेदी किंमत', 'विक्री किंमत' असं लिहू लागले, तेव्हा मी सरळ होऊन बसले, कारण माझ्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा हे मला जास्त माहीत होतं. सरांनी आठवडाभरानं चाचणी घेतली, त्यात सगळी गणितं सुटीवरची. मी भराभर सोडवून पेपर सगळ्यांच्या आधी दिला.

एकही बरोबर नव्हतं.

वानखडे सर ओरडणारे नव्हते. शेतकऱ्याच्या घरातले, धोतर नेसणाऱ्या वडिलांचं पोर. शाळेतलं बोलणं पुस्तकी ठेवायचा प्रयत्न करत, पण ते मध्येच घसरे. मधल्या सुटीत त्यांनी मला बोलावलं.

"निर्मला, एक सांग. हे काय करून ठेवलंस? दहाच्या दहा गणितात तोटा?"

"सर, झालाच तोटा."

"कसा काय? 'एका वस्तूची छापील किंमत दोनशे रुपये आहे. दुकानदार शेकडा दहा सूट देतो.' तू लिहिलंस, वीस रुपये तोटा."

"सर, दोनशेची वस्तू एकशे ऐंशीले देली. मंग वीस गेलेच न?"

"अगं, पण दोनशेला त्यानं घेतली कुठं?"

"लिहिलं हाय न त्याच्यावर."

सरांनी पेपर खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी कशावर किंमत लिहिलेली असते?" मी सांगितलं. आमच्याकडं लिहिलेली किंमत एकच. कारंज्याचा ठोक व्यापारी बांगड्यांच्या खोक्यावर निळ्या पेन्सिलीनं आकडा घालतो. दहा म्हणजे दहा रुपये डझन. तो भाव आम्ही त्याला देतो. त्याच्या खाली विकलं की बुडलो.

सरांना हसू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "म्हणजे छापील किंमत ही तू खरेदीचीच धरली. बाई, गणित तर बरोबर केलंस, पण दुसऱ्याच दुकानाचं केलंस." आणि त्यांनी समजावलं, की खरेदीची किंमत वेगळी, छापील वेगळी, सूट छापील किमतीवर असते. मी ऐकलं, मान हलवली, आणि मग मला जे खरंच समजत नव्हतं ते विचारलं.

"पण सर, छापील किंमत कोण छापते?"

खिडकीत उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. एक जण म्हणाला, "छापखानेवाला." सरांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते म्हणाले, "पुस्तकात दिलेली असते. कोण छापते... मलाही नक्की नाही सांगता येत. तू शोधून ये." इतकी वर्षं मी स्वतः शिकवलं, आणि वर्गापुढं 'मला नाही सांगता येत' हे म्हणायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. सरांनी ते आठवीतल्या एका पोरीला सहज सांगितलं. माझ्या शिक्षणाचं ऋण मोजायला बसले तर पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागेल, आणि कारण हे एक वाक्य.

पुस्तकातलं एक गणित तर मला खोटंच वाटायचं. 'एक दुकानदार छापील किमतीवर शेकडा २५ सूट देऊनही शेकडा २० नफा मिळवतो.' सूट देऊनही नफा. आमच्या घरात सूट ही नफ्यातून जायची. बाईनं एक रुपया कमी करून मागितला की आईचा एक रुपया गेला, एवढं सरळ. दिल्यानं मिळतं हे मला कीर्तनात ऐकून माहीत होतं, पण ते बांगड्यांना लागू असेल असं वाटत नव्हतं. मी ते गणित वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आणि रोज त्याच्याकडं बघायची.

नेमक्या त्याच दिवसांत आमची टोपली जड होऊन परत येऊ लागली. लग्नसराई तोंडावर होती. एरवी या दिवसांत आई दुपारीच रिकामी टोपली काखेला मारून यायची आणि येताना फुटाणे आणायची. आता ती संध्याकाळी यायची, आणि टोपली उतरवताना बाबांना हात लावावा लागायचा. कारंज्याला स्टँडजवळ नवं दुकान निघालं होतं आणि तिथं बांगड्यांवर पंचवीस टक्के सूट होती. बाया आईला तोंडावर सांगायच्या, "तुहा भाव तेरा, अन् तिथं बारात भेटते." आई बारानं विकू शकत नव्हती. खरेदी दहा, त्यावर वरची एक, भरताना वाढलेली एखादी. बारानं दिली तर दिवसभर फिरल्याचं काही उरतच नव्हतं. तिला शेकडा काढता येत नव्हता, पण हे तिला चांगलं कळत होतं.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती बाबांना म्हणाली. त्या दिवशी आंबाडीची भाजी होती, लसणाची फोडणी सगळ्या घरात भरली होती, आणि मी ताटं मांडत होते.

"एवढी आठवीची परीक्षा होऊ द्या. मंग निमाले संगं घेतो."

"शाळा?" बाबा म्हणाले.

"कमी नफ्यात जास्त गावं करा लागतीन. मी एक गाव धरीन, ते एक धरन. हात तिचा चांगला हाय. मऊ."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि पाणी प्यायले. "पाय बाप्पा," एवढंच म्हणाले. कुणी माझ्यावर रागावलं नव्हतं, कुणी शाळेला वाईट म्हटलं नव्हतं. आईच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. म्हणूनच मला भीती वाटली. मी आंबाडी खाल्ली आणि काही मागितलं नाही. पण त्या रात्रीपासून वहीच्या शेवटच्या पानावरचं ते गणित पुस्तकातलं राहिलं नाही. पंचवीस टक्के सूट देऊन तो दुकानदार जगत होता, आणि तो कसा जगतो हे कळलं नाही तर माझी शाळा जाणार होती.

पुढच्या वेळी आई माल आणायला कारंज्याला निघाली तेव्हा मी हट्टानं एसटीत चढले. आई ठोक व्यापाऱ्याकडं गेली आणि मी स्टँडवरच्या त्या दुकानापुढं जाऊन उभी राहिले. दारावर कापडी फलक, '२५ टक्के सूट', आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'माप पाहून घ्यावे. फुटल्यास जबाबदारी नाही.' फुटल्यास. तो शब्द असा उघडा लिहिलेला पाहून मी उगीचच इकडंतिकडं पाहिलं. आत काचेच्या कपाटात बांगड्या पुठ्ठ्याच्या डब्यांत झोपवून ठेवल्या होत्या, झाकणाला पारदर्शक कागद. गल्ल्यामागं पन्नाशीचे शेठ बसले होते, समोर वाटीत खळ, आणि ते एकेका डब्यावर कागदाची चौकोनी चिठ्ठी चिकटवत होते. चिठ्ठीवर शाईचा शिक्का, १६.

मी आत गेले. "शेठजी, हे किंमत तुमीच छापता?"

"मग कोण छापील, बेटा? सरकार?" ते चिकटवतच राहिले. "काय पाहिजे? हिरव्या का लाल?"

"काई नाई. आमाले शाळेत गणित हाय. छापील किंमत कोण छापते ते सरांनी शोधाले सांगतलं."

यावर मात्र त्यांनी हात थांबवला. मला वाटलं हाकलतील. पण त्यांना मजा वाटली असावी. त्यांनी गल्ल्यावर बोटानं चार रेघा ओढल्यासारखं केलं. "हे पाहा. मले मनातून बारा पाहिजेत. दहाची खरेदी, दोन माझे. आता लोकांना पंचवीस टक्के सूट द्यायची. म्हणजे चार हिश्शातला एक सोडायचा. मग माझे बारा हे किती हिस्से झाले?"

"तीन."

"एक हिस्सा केवढ्याचा?"

"चारचा."

"चार हिस्से केवढ्याचे?"

"सोळा," मी म्हटलं. वहीतलं गणित उलगडून समोर पडलं होतं. दहावर दोन म्हणजे शेकडा वीस नफा. सोळावर चार म्हणजे शेकडा पंचवीस सूट. सूट देऊनही नफा. ते किमतीतून सूट देत नव्हते. सुटीसाठी आधी किंमत वाढवत होते.

"चौथा हिस्सा लोकांच्या खुशीचा," शेठ म्हणाले. "तो आपला नसतोच. आधी लावायचा, मग काढायचा. लोक खुश, आपण खुश." मग त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. घट्ट मापाच्या हिरव्या बांगड्या होत्या. "कोणी भरल्या? बारीक माप आहे."

"आईनं. आमच्या बांगड्या असतात."

शेठनी खळीचं बोट पुसलं. राग नाही आला त्यांना. "मग बस न, चहा पी," म्हणाले. मी बसले नाही, पण निघेपर्यंत दारात उभी राहून दुकान पाहत होते. एक बाई आली, तिनं डबा घेतला, हात पुढं करून विचारलं, "भरून देता का?" शेठ म्हणाले, "भरून नाही देत, बाई. घरी सावकाश घाला." बाई डबा पिशवीत टाकून गेली.

परतीच्या गाडीत आईच्या मांडीवर खोकं होतं, निळ्या पेन्सिलीचा दहा वर. मी तिला सगळं सांगितलं, चिठ्ठी, खळ, चौथा हिस्सा. मला वाटलं आई चिडेल, त्याला लबाड म्हणेल. ती हसली, इतकी की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं.

"अवं मंग, मायं पंधरा सांगणं अन् तेराले देणं काय वायलं हाय? त्याची चिठ्ठी, मायं तोंड."

हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी रोज ऐकत होते. आई पंधरा म्हणायची, बाई दहा म्हणायची, आई टोपली झाकल्यासारखं करायची, आणि तेरावर हात पुढं यायचा. म्हणजे आमच्याकडंही छापील किंमत होती, फक्त ती हवेत छापलेली होती. मला एकदम सगळीकडं गणितं दिसू लागली. मी म्हटलं, "अन् आई, वरची बांगडी? ते बी सूटच झाली."

आईचं हसू थांबलं. "तिले सूट नोको म्हनू."

"काहून? फुकटच देते न तू?"

"सूट मांगता येते. वरची मांगता येत नाई. जे बाई मांगन, तिले मी देतच नाई. न मांगता देली तरच ते वरची."

आज माझ्या फोनवर रोज सकाळी सत्तर टक्के सुटीचे निरोप येतात आणि मी मनात लगेच तीन हिस्से, दहा हिस्से मांडते. पण आईचं ते वाक्य मला कुठल्याच सूत्रात बसवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना शोध सांगितला. सरांनी फळ्यावर सोळाचं गणित सगळ्या वर्गाला सोडवायला लावलं आणि खिडकीतल्या त्या पोराला म्हणाले, "पाहिलं का? छापखानेवाला नाही, गल्लेवाला." नंतर मी त्यांना विचारलं, बारावर एक वरची, म्हणजे शेकडा किती? मी बारानं भागलं होतं.

"बाई घरी किती घेऊन गेली?" सरांनी विचारलं.

"तेरा."

"मग त्या तेरातली एक फुकट. भागायचं तेरानं. निर्मला, शेकडा म्हटलं की आधी विचारायचं, कशाचा शेकडा? मोजतो आपण नेमकं काय?"

मोजतो काय. मी घरी येईपर्यंत ते घोकत होते. कारंज्याच्या डब्यात बारा होत्या, बारा रुपयांच्या. पण त्या डब्यात होत्या. आई कधी डब्यातल्या मोजत नव्हती, आई हातातल्या मोजायची. तेरा रुपये, हातात तेरा. एका रुपयाला एक. मी रस्त्यातच थांबले. त्या दुकानाच्या बारा रुपयांच्या डझनातली घालताना एक जरी वाढली, तरी हातातली एकेक आईच्या बांगडीपेक्षा महाग होती.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "हे तुले मले समजलं. बाया डबा पायतात."

मग बाजाराचा दिवस आला. शनिवारसारखी अर्धी शाळा नव्हती, पण मी शाळा सुटताच धावत गेले. आई निंबाखाली बसली होती, पाच-सहा बाया भोवती, विकत घेणारी एकच. आणि शेवंताकाकू आल्या. घरची चांगली वीसेक एकर शेती, मुलीचं लग्न ठरलेलं, नवरीमुलगी मागं संकोचून उभी. काकूंच्या हातात कारंज्याचा डबा होता, झाकणावर सोळाची चिठ्ठी, त्यावर काट.

"पाय वं, बारात आणली," काकू म्हणाल्या. "पण हे पोट्टी घालाले गेली त जाईच ना. तू भरून दे. भरणावळ देतो तुले."

आमच्या कामात भरणावळ नावाचं काही नव्हतं. भरणं हे बांगडीच्या भावातच असायचं. शेजारची गोदाबाई हसत म्हणाली, "कारंज्याच्या शेठले बलाव न भराले." आईनं एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा पोरीच्या हाताकडं. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि तिनं नाही म्हटलं असतं तर कुणी वाईटही म्हटलं नसतं.

"बस माय," आई नवरीला म्हणाली. "लग्नाच्या पोरीचा हात मोकळा धाडू नाई. भरणावळ कायची घ्यायची."

तिनं भरायला सुरुवात केली. काच पातळ होती, हे मला आवाजावरूनच कळलं. चार चढल्या, पाचवी अंगठ्यापाशी कट्कन गेली. आईनं तुकडे वेचले आणि पुढची घेतली. आठवी का नववी बांगडीही तशीच गेली. काकूंनी सवयीनं हात पुढं केला.

"वाढली. दुसरी दे."

"माही असती त देली असती," आई शांतपणे म्हणाली. "हे डब्यातली हाय."

आणि तिनं उरलेल्या सगळ्या भरल्या. मी आईच्या मागं उभी होते. बोलू का नको असं झालं, आणि मग तोंडातून निघालंच.

"काकू, हातात किती झाल्या?"

"बारा हायेत."

"डब्यात बारा. हातात मोजा."

नवरीनंच मोजल्या, हळूच, ओठ हलवत. "दहा."

"बारा रुपयाच्या दहा," मी म्हटलं. "आईच्या तेरा रुपयाच्या तेरा असतात. वाढली त आईची. एका रुपयाले एक. तुमची सव्वा रुपयाच्या जवळ गेली."

मग गोदाबाईनं बोटांवर मोजायला घेतलं, दुसरीनं तिला चुकलीस म्हटलं, आणि निंबाखाली एकच गलका झाला. एक तरुण सून म्हणाली, "म्या मोठं माप घेतलं. माही एक बी नाई वाढली."

"हव न," आई म्हणाली, "भांडे घासाले बसशीन तवा कोपरापासून बोटापर्यंत धावतीन. मंग धर त्याईले."

बाया खो खो हसल्या. शेवंताकाकूही हसल्या, जरा उशिरा. "पोट्टी वकील करून राह्यली का वं तू?" त्या आईला म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडली. "आता दुसऱ्या हाताच्या तुह्याच भर. तेराच देतो. पंधरा नोको सांगू."

आईनं भरल्या. बारा झाल्या तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिच्या बोटांकडं होतं. तिनं न बोलता एक आणखी चढवली. नवरीनं वाकून नमस्कार केला.

सगळं एका दिवसात बदललं असं मी लिहिणार नाही. ज्या बायांना डबा आवडला त्या कारंज्याला जात राहिल्या, आणि डबा दिसायला खरंच छान होता. पण नवरीमुलींचे हात परत आले, आणि त्यांच्यासोबत मावश्या, जावा. आईला एक वाक्य सापडलं होतं. टोपली उतरवली की म्हणायची, "डब्यातल्या नोको मोजू माय, हातातल्या मोज." लग्नसराई सरेपर्यंत टोपली पूर्वीसारखी नाही, पण बरीच हलकी होऊन येऊ लागली. एकदा फुटाणेही आले. शाळेबद्दल मात्र घरात कुणी काही बोललं नाही. आईनं नाही, बाबांनी नाही, आणि मीही विचारलं नाही. उन्हाळाभर मी तिच्यासोबत फिरले, हात दाबायला शिकले, तीन बांगड्या वाढवल्या आणि आवाज ऐकून चीर ओळखू लागले. मला ते काम आवडत होतं, हेही लिहायला हवं. म्हणूनच विचारायला धजत नव्हते.

जूनच्या शेवटी शाळा उघडायची होती त्या सकाळी मी लवकर उठून टोपली भरून तयार केली. माळा तपासल्या, चुंबळ हातात घेतली आणि टोपलीजवळ उभी राहिले. आई अंगणातून आली. तिनं चुंबळ माझ्या हातातून घेतली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि बाबांना टोपली उचलून द्यायची खूण केली.

"घंटा होईन. उभी काहून राह्यली?"

"मी येऊ न संगं?"

"नववीत कोन बसन मंग?"

मी म्हटलं, "आई, मी त काही म्हटलंच नाई."

टोपली डोक्यावर नीट बसवत ती दारातून बाहेर पडली, आणि मागं न वळता म्हणाली, "मांगतलं नाई न? मंग जाय."